उत्तर माहीत असलेला दगड: रोव्हरच्या कॅमेऱ्याची अशनींवर चाचणी कशी घ्यावी

मंगळावर किंवा चंद्रावर उतरलेल्या रोव्हरचा कॅमेरा ज्या दगडाचे छायाचित्र पाठवतो, तो दगड कोणीही हातात घेऊन पाहिलेला नसतो. त्यात कोणती खनिजे आहेत हे त्याच्या रंगावरून सांगायचे असेल, तर कॅमेरा रंग खरा नोंदवतो की नाही याची खात्री पृथ्वीवर असतानाच करून घ्यावी लागते, आणि त्यासाठी ज्याचे घटक आधीच ठाऊक आहेत असा दगड त्याच्यासमोर ठेवावा लागतो. अशनी या कामासाठी विशेष मोलाचे आहेत. ते अवकाशातूनच आलेले असतात आणि त्यांचे पातळ छेद, खनिजे व रासायनिक घटक प्रयोगशाळांत बारकाईने तपासलेले असतात. मंगळावरून तर माणसाने आजवर एकही दगड आणलेला नाही. आपल्याजवळ आहेत ते तिथल्या जुन्या आघातांत उडालेले आणि पृथ्वीवर येऊन पडलेले तुकडे, आणि त्यांच्या सर्वांत मोठ्या गटाचे ‘शेरगोटाइट’ हे नाव २५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारमधील शेरघाटी येथे पडलेल्या अशनीवरून आले आहे. १८ फेब्रुवारी २०२१ रोजी मंगळावर उतरलेल्या पर्सिव्हरन्स रोव्हरच्या शेरलॉक या खनिजे व सेंद्रिय द्रव्ये शोधणाऱ्या उपकरणासाठी ओमानमध्ये सापडलेल्या सायह अल उहायमिर ००८ या मंगळीय अशनीची चकतीच सोबत पाठवण्यात आली, ती याच हेतूने.

हा लेख बडोद्यातील एखाद्या महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र किंवा भूगर्भशास्त्र प्रयोगशाळेत, बेताच्या खर्चात, अशी चाचणी उभी करू इच्छिणाऱ्या शिक्षकांसाठी व विद्यार्थ्यांसाठी आहे. संपूर्ण लेखात एकच गोष्ट धरून ठेवायची आहे: परीक्षा अशनीची नसून कॅमेऱ्याची आहे, आणि कॅमेऱ्याला चुकण्याची खरी संधी दिली नाही तर ती परीक्षा होत नाही.

प्रश्न आधी लिहून काढावा

‘कॅमेरा चांगला आहे का’ या प्रश्नाला उत्तर नसते. ‘दोन मीटरांवरून ऑलिव्हिनप्रधान आणि पायरॉक्सीनप्रधान दगड (ही दोन्ही लोह-मॅग्नेशियमची सिलिकेट खनिजे) वेगळे ओळखता येतात का’, ‘साध्या काँड्राइटमधील (न वितळलेल्या दगडी अशनीमधील) काँड्रूल म्हणजे बारीक गोल कण दिसतात का’, ‘लोखंडी अशनी काळ्या बेसॉल्टपासून वेगळा काढता येतो का’ हे प्रश्न चाचणीला बसतात. कोणत्या रोव्हरचा कॅमेरा डोळ्यांसमोर आहे हेही इथेच ठरते. चांद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरवरील दोन कॅमेरे वाट शोधण्यासाठी होते. मूलद्रव्ये ओळखण्याचे काम एपीएक्सएस (क्ष-किरणांवर आधारित) आणि लिब्स (लेझरवर आधारित) या उपकरणांकडे होते. त्यामुळे तशा कॅमेऱ्याची चाचणी घेताना खनिजांपेक्षा सावल्या, खोली आणि दगडांच्या कडा यांना महत्त्व येते. पर्सिव्हरन्सच्या मास्टवरील (उंच खांबावरील) मास्टकॅम-झेड हा कॅमेरा मात्र अरुंद पट्ट्यांच्या फिल्टरांतून दगडाचा वर्णपट, म्हणजे कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश तो किती परतवतो हे, टिपतो. इथून पुढचे विवेचन मुख्यतः अशा बहुवर्णी कॅमेऱ्याला धरून आहे.

नमुने निवडताना

एकाच प्रकारचे दहा अशनी घेण्यापेक्षा पाच वेगळ्या प्रकारांचा एकेक अशनी घ्यावा. साधा काँड्राइट, युक्राइट (लघुग्रहावरील बेसॉल्टसारखा अशनी), जमल्यास शेरगोटाइटची लहान चकती, लोखंडी अशनी आणि कार्बनयुक्त काँड्राइट एवढे मिळाले तरी संच भरीव होतो. कार्बनयुक्त काँड्राइटसाठी ८ फेब्रुवारी १९६९ रोजी मेक्सिकोत पडलेला आयेंदे सोयीचा आहे, कारण तो दोन टनांहून अधिक मिळाला आणि त्याचे लहान तुकडे जगभर अभ्यासात आहेत. गुजरातचा वारसाही या बाबतीत समृद्ध आहे. २८ जानेवारी १९७६ रोजी सौराष्ट्रात पडलेला धजाला हा एच (लोह जास्त असलेल्या) गटातील काँड्राइट आहे, तर १७ ऑगस्ट २०२२ रोजी बनासकांठ्यातील दियोदर परिसरात पडलेला अशनी ऑब्राइट या दुर्मीळ प्रकारचा असल्याचे अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने दाखवून दिले. भारतात त्यापूर्वीचे ऑब्राइटचे पतन १८५२ मधील बस्ती येथील होते. असे नमुने सहज हाती येत नाहीत आणि येऊही नयेत. पण संस्थेमार्फत रीतसर विनंती करून, त्यांच्याच आवारात छायाचित्रे घेण्याची परवानगी मागता येते. स्वतः एखादा दगड पडताना पाहिला किंवा सापडला, तर तो परस्पर न ठेवता जिल्हा प्रशासनाला किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवावा.

अशनींइतकेच महत्त्व त्यांच्या शेजारी ठेवायच्या पार्थिव दगडांना आहे. बडोद्यापासून सुमारे पन्नास किलोमीटरवरील पावागड हा ज्वालामुखी खडकांचा डोंगर असून तिथे बेसॉल्टपासून रायोलाइटपर्यंतचे थर पाहायला मिळतात. चांपानेर-पावागड हे २००४ पासून जागतिक वारसास्थळ असल्याने त्या आवारातून दगड उचलू नयेत. जवळच्या परवानाधारक खाणीतून काळ्या दगडाच्या ताज्या कपच्या मागून घ्याव्यात. त्यांच्या जोडीला लोहभट्टीतला स्लॅग (मळी), हेमॅटाइट या लोहऑक्साइडाचा तुकडा आणि एखादा पांढरट रायोलाइट ठेवावा. लोक अशनी म्हणून जे दगड घेऊन येतात त्यांत स्लॅग फार असतो, म्हणून कॅमेऱ्याला तो फसवतो का हे पाहणे उपयोगाचे ठरते.

प्रत्येक नमुन्याला कागदपत्र हवे: नाव, वर्गीकरण, वजन, कोणाकडून मिळाला, कोणती बाजू कापलेली आणि कोणती नैसर्गिक. वातावरणातून येताना तयार झालेली काळी वितळलेली साल आतल्या दगडाबद्दल फारसे सांगत नाही, त्यामुळे साल व आतील भाग यांच्या नोंदी नेहमी वेगळ्या ठेवाव्यात. सहारा वाळवंटातून आलेल्या अनेक अशनींवर पृथ्वीवरचा गंज चढलेला असतो. त्या गंजामुळे निळ्याकडचे परावर्तन घटते आणि मंगळावरच्या लोहऑक्साइडाचा भास होतो. म्हणून शक्य तिथे पडल्यावर लगेच उचललेला अशनी निवडावा.

हाताळणी

नायट्रिलचे हातमोजे घालूनच नमुना उचलावा. घामातील क्षार लोखंडी अशनीत गंज धरवतात आणि एकदा आत शिरलेला क्लोराइड काढणे फार अवघड असते. नमुना पाण्याने धुऊ नये. धूळ मऊ ब्रशने झटकावी. टेकू देण्यासाठी चिकणमाती किंवा चिकट पुट्टी वापरू नये, कारण तिचे तेल दगडात मुरते. ॲल्युमिनियमच्या लहान काट्यांचा आधार पुरतो. बडोद्यातील जून ते सप्टेंबर हा काळ हवेतील ओलाव्यामुळे या कामाला प्रतिकूल असल्याने छायाचित्रण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ठेवावे आणि वर्षभर नमुने सिलिका जेल घातलेल्या घट्ट डब्यात राहू द्यावेत. जेलचा रंग बदलला की ते गरम करून पुन्हा वापरता येते.

कॅमेरा आणि भिंग जुळवणे

रोव्हरचा कॅमेरा विकत मिळत नाही, पण त्याची नजर उसनी घेता येते. मास्टकॅम-झेडच्या संवेदकाचा प्रत्येक पिक्सेल ७.४ मायक्रोमीटरचा आहे आणि त्याच्या झूम भिंगाची नाभीय लांबी २६ ते ११० मिलिमीटर आहे. एका पिक्सेलमध्ये दगडाचा किती भाग मावतो हे काढण्यासाठी पिक्सेलचा आकार नाभीय लांबीने भागून अंतराने गुणावा. ११० मिलिमीटरवर, दोन मीटर अंतरासाठी, हे उत्तर ०.१३ मिलिमीटरच्या आसपास येते. औद्योगिक वापराच्या अनेक कृष्णधवल कॅमेऱ्यांचा पिक्सेल ३.४५ मायक्रोमीटरचा असतो. त्याला ५० मिलिमीटरचे भिंग लावले की दोन मीटरांवरून जवळजवळ तेच ०.१४ मिलिमीटर मिळतात, आणि १२ मिलिमीटरचे भिंग लावले की २६ मिलिमीटरच्या टोकाशी जुळणारे सुमारे ०.५७ मिलिमीटर मिळतात. म्हणजे दोन साध्या भिंगांनी झूमची दोन्ही टोके हाताशी येतात.

या आकड्यांवरून काही अपेक्षा आधीच बांधता येतात. एच गटातील काँड्राइटमध्ये काँड्रूल सरासरी ०.३ मिलिमीटरचे असतात, म्हणजे ११० मिलिमीटरच्या टोकालाही ते दोन-तीन पिक्सेलच व्यापतील. आयेंदेमधील काँड्रूल एक मिलिमीटरच्या घरात असल्याने ते ठळक दिसायला हवेत आणि २६ मिलिमीटरच्या रुंद टोकाला मात्र हरवायला हवेत. चाचणीत असे घडले नाही तर दोष बहुधा फोकसमध्ये किंवा कंपनात असतो.

रंगीत कॅमेरा टाळावा. कृष्णधवल संवेदक घ्यावा आणि त्यासमोर अवरक्त रोखणारी काच नसावी. मास्टकॅम-झेडचे अरुंद फिल्टर ४४२ पासून १०२२ नॅनोमीटरपर्यंत पसरले आहेत. नेमके तेच मिळत नाहीत, पण ४५०, ५३२, ६१०, ६८०, ७५०, ८००, ८५०, ९०५, ९४० आणि ९८० नॅनोमीटरचे व्यतिकरण फिल्टर बाजारात उपलब्ध असतात. यांतील ७५० च्या पुढचे फिल्टर पैसे वाचवण्यासाठी गाळू नयेत, कारण पायरॉक्सीन आणि ऑलिव्हिन यांची ओळख तिथेच होते. व्यतिकरण फिल्टरवर प्रकाश तिरका पडला की त्याचा पट्टा निळ्याकडे सरकतो. ९०० नॅनोमीटरजवळ दहा अंशांच्या तिरकेपणाला हा फरक सुमारे तीन नॅनोमीटरचा असतो. त्यामुळे १२ मिलिमीटरच्या भिंगासह नमुना चित्राच्या मध्यभागीच ठेवावा. फिल्टरचे चाक आणि कॅमेऱ्याचा ब्रॅकेट मकरपुरा जीआयडीसीतल्या एखाद्या लेथवाल्याकडून ॲल्युमिनियममध्ये करून घेता येतो. ब्रॅकेट दोन मीटर उंचीवर भिंतीला पक्का बसवावा, भिंग सरळ खाली रोखावे आणि छायाचित्रण चालू असताना पंखा बंद ठेवावा.

प्रकाश: सर्वाधिक वेळ इथे द्यावा

माझ्या मते अशा चाचण्यांतील बहुतेक दोष कॅमेऱ्यातून येत नाहीत, ते दिव्यातून येतात. पांढऱ्या एलईडीत ७५० नॅनोमीटरच्या पुढे प्रकाश जवळजवळ नसतो, म्हणून तो कितीही प्रखर असला तरी इथे निरुपयोगी आहे. ट्यूबलाइट विजेच्या दाबाबरोबर सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. हॅलोजनचा दिवा घ्यावा, तो स्थिर एकदिश विद्युतपुरवठ्यावर चालवावा आणि लावल्यावर वीस मिनिटे तापू द्यावा. हॅलोजनमध्ये निळा प्रकाश कमी आणि अवरक्त भरपूर असतो, तर सिलिकॉनच्या संवेदकाची ग्रहणशक्ती १००० नॅनोमीटरकडे झपाट्याने घसरते. त्यामुळे ४५० आणि ९८० या दोन्ही टोकांना एक्स्पोजर लांब लागतो, हे गृहीत धरून वेळापत्रक आखावे. दिव्याची उष्णता नमुन्यावर विनाकारण पडू नये म्हणून छायाचित्रांच्या मधल्या वेळेत आडपडदा ठेवावा.

कॅमेरा वरून सरळ आणि प्रकाश लंबापासून ३० अंशांवर, ही प्रयोगशाळांत रुळलेली मांडणी आहे. तीच पाळली तर आपले आकडे इतरांच्या वर्णपटांशी ताडून पाहता येतात. ती पार पडल्यावर रोव्हरच्या प्रत्यक्ष परिस्थितीकडे वळावे. मंगळावर सूर्यप्रकाश पृथ्वीच्या मानाने सरासरी ४३ टक्के असतो आणि आकाशातील धुळीमुळे त्यात तांबूस, पसरलेल्या प्रकाशाची भर पडते. त्यासाठी दिव्याच्या विरुद्ध बाजूला फिकट तांबूस पुठ्ठा धरून सावल्या किंचित भराव्यात. चांद्रयान-३ सुमारे ६९ अंश दक्षिण अक्षांशावर उतरले, जिथे सूर्य क्षितिजापासून २०-२२ अंशांहून वर येत नाही. तशी चाचणी घेताना दिवा अगदी खाली आणावा आणि भरणारा प्रकाश पूर्ण बंद करावा.

खोलीतील काळोखाबाबत एक सूचना कळकळीने करावीशी वाटते. डोळ्यांना काळे दिसणारे सुती कापड निकट-अवरक्तात बरेचदा चांगलेच उजळ निघते, कारण काळा रंग दृश्य प्रकाश शोषतो आणि पुढचा प्रकाश परत पाठवतो. पडद्यासाठी आणलेल्या प्रत्येक कापडाचे आणि रंगाचे ९४० नॅनोमीटरच्या फिल्टरमधून एक छायाचित्र घ्यावे आणि जे तिथेही काळे राहील तेच वापरावे. ही तपासणी वगळली तर लांब तरंगलांबीवरचे सगळे परावर्तन फुगून येते आणि त्याचे कारण शोधण्यात दिवस जातात.

पांढरा संदर्भ आणि अंशांकन

परावर्तन मोजायचे म्हणजे नमुन्याची तुलना ज्याचे परावर्तन ठाऊक आहे अशा पृष्ठभागाशी करायची. स्पेक्ट्रॅलॉन या जवळजवळ सर्व प्रकाश परतवणाऱ्या पदार्थाची प्रमाणित चकती उत्तम, पण ती महाग असते. दहा मिलिमीटर जाडीचा, बारीक वाळूकागदाने घासून मंद केलेला टेफ्लॉनचा तुकडा सरावासाठी चालतो, मात्र त्याची एकदा तरी प्रमाणित चकतीशी तुलना करून घ्यावी. छपाईचा कागद अजिबात वापरू नये. त्यात घातलेली उजळपणा आणणारी द्रव्ये निळा प्रकाश स्वतः बाहेर टाकतात. संदर्भाचा माथा आणि नमुन्याचा माथा एकाच उंचीवर हवेत: दिवा एक मीटरवर असताना एक सेंटिमीटरच्या फरकाने जवळपास दोन टक्क्यांची चूक होते. मंगळावर संदर्भाची काळजी घेणे किती अवघड असते हे मास्टकॅम-झेडच्या अंशांकन-पट्टीकडे पाहून कळते. तिच्यावर बसणारी चुंबकीय धूळ बाजूला ओढली जावी म्हणून रंगीत ठिपक्यांखाली चुंबक बसवलेले आहेत.

कॅमेऱ्याच्या बाबतीत गेन (संकेताची वाढ) कायम ठेवावा, आपोआप बदलणाऱ्या सर्व सोयी बंद कराव्यात आणि चित्रे किमान १२ बिटच्या मूळ स्वरूपात साठवावीत. एक्स्पोजर दुप्पट केला की संकेतही दुप्पट होतो का हे प्रथम तपासावे आणि जिथे हे नाते ढळते त्याच्या बरेच खाली राहावे. सर्वांत उजळ भाग पूर्ण मर्यादेच्या तीन चतुर्थांशांवर ठेवणे सुरक्षित आहे.

छायाचित्रांचा क्रम

प्रत्येक फिल्टरसाठी क्रम सारखाच ठेवावा: झाकण लावून त्याच एक्स्पोजरचे काळे चित्र, पांढरा संदर्भ, नमुना, आणि शेवटी पुन्हा पांढरा संदर्भ. दोन संदर्भांत एक टक्क्याहून अधिक फरक पडला, तर दिवा हलला किंवा स्थिरावला नव्हता असे समजून ती मालिका टाकून द्यावी. अवरक्ताकडे जाताना भिंगाचा फोकस सरकतो, म्हणून भिंगाचे छिद्र एफ/८ ठेवावे आणि ८०० नॅनोमीटरच्या पुढे फोकस नव्याने जुळवावा. त्यामुळे चित्राचा आकार किंचित बदलतो, तो नंतर संगणकावर एकमेकांवर बसवून सुधारता येतो. एक मालिका झाली की नमुना ९० अंशांनी फिरवून दुसरी घ्यावी. घासून चकचकीत केलेल्या चकतीवर दिव्याचे थेट प्रतिबिंब पडत असेल तर ते या फिरवण्यात उघड होते.

परावर्तन काढण्याची रीत सोपी आहे. नमुन्याच्या चित्रातून त्याचे काळे चित्र वजा करावे, संदर्भाच्या चित्रातून त्याचे काळे चित्र वजा करावे, पहिल्याला दुसऱ्याने भागावे, एक्स्पोजर वेगळे असतील तर त्यांच्या गुणोत्तराने सुधारावे आणि संदर्भाच्या ठाऊक परावर्तनाने गुणावे. भागाकार पिक्सेलनिहाय केला की भिंगाच्या कडांची अंधूकताही सोबतच निघून जाते, मात्र त्यासाठी संदर्भ पुरेसा मोठा हवा. मग नमुन्यावरचे स्वच्छ भाग निवडून प्रत्येक फिल्टरची सरासरी आणि विचलन नोंदवावे. विचलन न दिलेला वर्णपट कोणाला दाखवू नये.

वर्णपट वाचताना

कमी कॅल्शियमचे पायरॉक्सीन ९०० ते ९४० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषते, जास्त कॅल्शियमचे १००० च्या जवळ, आणि ऑलिव्हिन १०५० च्या भोवती रुंद पट्ट्यात. सिलिकॉनचा संवेदक साधारण याच हद्दीपर्यंत पाहू शकतो, त्यामुळे ऑलिव्हिनची फक्त उतरती बाजू दिसते आणि युक्राइटचा मात्र ९४० चा खळगा व पुढचा चढ दोन्ही दिसतात. हेमॅटाइट ८६० नॅनोमीटरजवळ ओळखू येतो. ऑब्राइटमधील एन्स्टाटाइट या पायरॉक्सीनमध्ये लोह जवळपास नसल्याने त्याचा वर्णपट उजळ आणि सपाट असतो. लोखंडी अशनीत कोणताही खळगा नसतो, नुसता तांबड्याकडे चढत जाणारा उतार असतो. आपल्या आकड्यांची तुलना प्रयोगशाळेतील वर्णपटमापकाच्या नोंदींशी करताना त्या सूक्ष्म नोंदी आधी आपल्या प्रत्येक फिल्टरच्या रुंदीत सरासरी करून घ्याव्यात. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या रेलॅब संग्रहात अनेक अशनींचे वर्णपट अभ्यासासाठी खुले आहेत.

धुळीचा परिणाम पाहायचा असेल तर हेमॅटाइटची बारीक पूड बेसॉल्टवर चाळून पाहावी, अशनीवर कधीही नाही.

झाकलेल्या नावांची फेरी

इथवरचे काम तयारीचे होते. आता ज्याने छायाचित्रे घेतली नाहीत अशा सहकाऱ्याने सर्व नमुन्यांना सांकेतिक क्रमांक द्यावेत, एकाच अशनीचे दोन तुकडे वेगळ्या क्रमांकांनी मिसळावेत, स्लॅग आणि पावागड भागातील बेसॉल्ट त्यांत घालावेत आणि किल्ली (क्रमांक व खरी नावे यांची यादी) स्वतःकडे ठेवावी. वाचणाऱ्यांनी केवळ वर्णपट आणि चित्रे पाहून प्रत्येक क्रमांकासमोर आपला अंदाज व त्यावरील विश्वास लेखी नोंदवावा. सर्वांचे कागद जमा झाल्यावरच किल्ली उघडावी. युक्राइट, शेरगोटाइट आणि आपला बेसॉल्ट ही तिन्ही मुळात पायरॉक्सीन व फेल्डस्पारची कुटुंबे असल्याने ती एकमेकांत मिसळली जाण्याची शक्यता मोठी आहे. ऑब्राइट आणि फिकट रायोलाइट यांचेही तसेच. हा निकाल लपवण्याजोगा नसून चाचणीचा खरा लाभ तोच आहे, कारण कोणत्या जोड्या या कॅमेऱ्याला वेगळ्या काढता येत नाहीत हे त्यातून नेमके कळते.

प्रत्यक्ष मोहिमांतही कॅमेरा एकटा निर्णय देत नाही. जानेवारी २००५ मध्ये ऑपॉर्च्युनिटी रोव्हरला स्वतःच्या उष्णतारोधक ढालीजवळ सापडलेला दगड हा दुसऱ्या ग्रहावर ओळखला गेलेला पहिला अशनी. तो वेगळा दिसत होता, त्याचा औष्णिक वर्णपट आकाशाचे प्रतिबिंब असल्यासारखा येत होता, पण तो लोह-निकेलचा आहे हे मॉसबाउअर (लोहयुक्त खनिजे ओळखणारे) आणि एपीएक्सएस या उपकरणांनी पक्के केले. म्हणून आपल्या अहवालात ‘ओळखला’, ‘जवळून तपासण्याजोगा वाटला’ आणि ‘वेगळा करता आला नाही’ असे तीन स्वतंत्र रकाने ठेवावेत. रोव्हर चालवणाऱ्यांना मधला रकाना सर्वांत जास्त उपयोगी पडतो, कारण उद्या कोणत्या दगडाकडे वळायचे हे त्यावरून ठरते.

मूळ चित्रे, काळी चित्रे, संदर्भाची चित्रे, फिल्टरांचे मोजलेले पट्टे, दिव्याचा विद्युतदाब आणि त्या दिवसाची आर्द्रता हे सर्व एकाच फोल्डरमध्ये, नमुन्याच्या क्रमांकानुसार ठेवावे. नमुना परत करण्यापूर्वी त्याचे पुन्हा वजन करावे, आलेल्या वजनाशी ताडून दोन्ही आकडे पावतीवर लिहावेत आणि घेणाऱ्याची सही त्यांच्या खाली घ्यावी.